पुढचा ब्रेक

आमच्या घरच्या मोटरसायकलला पुढचा ब्रेक नव्हता. म्हणजे तसा होता. हँडलवर दांडी होती, खाली चाकापर्यंत गेलेली केबल होती, सगळं जागच्या जागी. पण ती केबल पप्पांनी इतकी ढिली करून ठेवलेली की दांडी पार मुठीला टेकली तरी चाकाला पत्ता लागायचा नाही. "पुढचा ब्रेक लावला की माणूस हँडलवरून पुढे जाऊन पडतो," हे त्यांचं ठाम मत. सर्व्हिसिंगला गॅरेजवाला बिचारा दर वेळी केबल घट्ट करून द्यायचा, आणि पप्पा घरी आणून दर वेळी ती ढिली करायचे. त्याला पानासुद्धा लागायचा नाही. चाकापाशी ब्रेकची पट्टी एका हाताने दाबून धरली की केबलचा नट बोटांनी फिरतो, ही त्यांची खास युक्ती.

दुसरा नियम उताराचा. उतार दिसला की गाडी न्यूट्रल करायची, चावी फिरवायची, इंजिन बंद. पेट्रोल वाचतं. डोंबिवली ते कल्याण जेवढे म्हणून उतार आहेत, तेवढे आम्ही लहानपणी बंद गाडीवरून उतरलोय. आई मागे, भाऊ मध्ये, मी पुढे टाकीवर. उतार संपत आला की पप्पा गियर टाकून क्लच सोडायचे, गाडी आचका देऊन चालू व्हायची आणि माझी हनुवटी मीटरवर आपटायची. आम्हाला वाटायचं, गाडी अशीच चालवतात.

भाऊ कॉलेजात गेला तसं पप्पांनी एका रविवारी त्याला खाली नेलं आणि हे दोन्ही नियम त्याच्या हातापायात उतरवले. मीही गेलेले, पायरीवर बसून बघत होते. त्याच्यापेक्षा मोठी मी. "मला पण शिकवा ना," म्हटलं तर पप्पा हसले. "तुला काय करायचीय? तुला सोडायला-आणायला आम्ही आहोत की." तेव्हा मला ते प्रेमाचं वाटलं होतं. खुळी होते.

आता सोडायला-आणायला कोण आहे ते सांगते. भाऊ बेंगळुरूला, नोकरी, बायको, बाळ. आई गेली. मी लग्न केलं नाही, म्हणजे आमच्या आत्याच्या भाषेत 'घरीच असते'. नोकरी आहे मला, ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत ऑफिस आहे, पण ते कोणी धरत नाही. आणि पप्पांच्या दोन्ही किडन्या गेल्या. एक दिवसाआड डायलिसिस, कल्याणला, पत्री पूल ओलांडून पलीकडे.

डायलिसिससाठी हातात ऑपरेशन करून एक नस मोठी करतात. फिस्टुला म्हणतात त्याला. पप्पांचा डाव्या हाताला होता. त्यावर बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरल्यासारखं जाणवायचं. ते घुरघुरतंय तोवर सगळं ठीक. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही, त्याला धक्का लागू द्यायचा नाही. "ही नस जपा, अशा फार मिळत नाहीत," डॉक्टरांनी मला दाराशी थांबवून सांगितलेलं. मला. कारण समोर मीच होते.

आधी रिक्षाने न्यायचे. खड्डा आला की पप्पा पटकन डाव्याच हाताने रिक्षाची दांडी पकडायचे. किती सांगितलं तरी हात जायचाच. येताना पुलाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा, वर रिक्षावाल्याच्या शिव्या ऐका. आणि खाली पार्किंगमध्ये आमची मोटरसायकल कव्हर घालून उभी. एक दिवस मी ते कव्हर काढलं.

मोटर ट्रेनिंग स्कूलवाला म्हणाला, "मॅडम, स्कूटी शिका ना, लेडीज लोक स्कूटीच शिकतात." म्हटलं, स्कूटी घरात नाहीये, ही आहे. आणि स्कूटीच्या छोट्या चाकांवर आमचे खड्डे पप्पांच्या हाडात गेले असते. शेवटी गॅरेजवाल्याने दोन संध्याकाळी किक, क्लच, गियर दाखवले. पंजाने दाबला की गियर चढतो, टाचेने दाबला की उतरतो. पुढचं माझं मीच शिकले, ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर, सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या देखत.

गाडी पुढे न्यायला कोणीही शिकतं हो. पहिल्या चार दिवसांत मीही सुसाट जायला लागले. अडचण थांबायची होती. ब्रेक मारला की गाडी थांबायची, पण मागचा माणूस थांबत नाही ना. तो येऊन पुढच्यावर आदळतो, मग सावरायला हात मारतो. आणि मला तर मागे असा माणूस बसवायचा होता, ज्याने डावा हात मारायचाच नव्हता.

म्हणून मी पाण्याचा जार बांधला. घरोघरी येतो ना, तो प्लास्टिकचा मोठा जार. अर्धा भरला, झाकण काढलं आणि जुन्या ओढणीने मागच्या सीटवर करकचून बांधला. नियम एकच. पाठ कोरडी राहिली पाहिजे. पहिल्या दिवशी घरी आले तर मानेपासून कमरेपर्यंत चिंब. एक आजोबा रोज चालायला यायचे, ते थांबून म्हणाले, "काय मॅडम, बिल्डिंगला पाणी नाही आलं वाटतं?" हसले सगळे. मीही हसले, आणि वळून परत निघाले.

हळूहळू कळत गेलं. नुसता मागचा ब्रेक दाबला की चाक घसरतं, गाडी शेपटी हलवते आणि पाणी एका बाजूने सांडतं. ब्रेक दाबणं हा शेवटचा भाग, त्याच्या आधी गाडीला सांगावं लागतं की आपण थांबणार आहोत. लांबूनच रेस सोडायची. क्लच दाबून टाचेने एक गियर उतरवायचा, क्लच सोडता सोडता जराशी रेस द्यायची, म्हणजे इंजिन आणि चाक यांची ओढाताण होत नाही. मग इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. मग दुसरा गियर. मग ब्रेक, तोही आधी हलका, मग जास्त, आणि अगदी थांबताना परत हलका, कारण शेवटच्या वितीत सोडला नाही तर मान हिसडतेच. सुरुवातीला रेस जास्त व्हायची, गाडी बोंब ठोकायची, सकाळचे फिरणारे कानावर हात ठेवायचे. पाठ ओली होतच होती, पण रोज थोडी कमी.

आणि हे सगळं करताना पुढचा ब्रेक लागतो. खरा थांबवणारा तोच. म्हणून मी गॅरेजमध्ये जाऊन केबल घट्ट करून घेतली.

घरी आल्यावर सांगितलं, तर पप्पा जेवता जेवता उठले. "कोणी सांगितलं होतं तुला? इतकी वर्षं गाडी चालवली मी. एकदा तरी पडलो का? गियर उतरवून गाडी थांबवतेस, इंजिनाची वाट लावशील. आमच्या चिरंजीवांनी कधी असले उद्योग केले नाहीत."

"तुमचे चिरंजीव नेणारेत का तुम्हाला परवा?" मी म्हटलं.

परत ताटावर बसले. पण जेवले नाहीत.

ते मागे बसले तो पहिला दिवस मला स्पष्ट आठवतो. उजव्या हाताने मागची लोखंडी पट्टी धरलेली, डावा हात मांडीवर. प्रत्येक ब्रेकला त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर. टक. रेल्वे फाटकाच्या वळणावर टक. गाय आडवी आली, टक. पाण्याचं आणि माणसाचं वजन वेगळं असतं, हे मला तिथे कळलं. आणि प्रत्येक टकनंतर मागून आवाज, "बघ. सांगितलेलं मी." उतार आला की, "न्यूट्रल कर. अगं न्यूट्रल कर, पेट्रोल जळतंय." मी करायचे नाही. मग डायलिसिसच्या केंद्रात पोचायचो. सिस्टरने विचारलं, "कोणाबरोबर आलात काका?" तर म्हणायचे, "मुलगा बेंगळुरूला असतो."

मी टक ऐकत ऐकत शिकले. कमी होत गेली. आणि एक दिवस येताना कल्याणपासून घरापर्यंत एकदाही झाली नाही. ठाकुर्लीपाशी पाठीला काहीतरी जड लागलं, आरशात बघितलं तर पप्पांचं डोकं माझ्या पाठीवर टेकलेलं, डोळे मिटलेले. डायलिसिसनंतर गळून जातात ते. मी उरलेला रस्ता सायकलच्या वेगाने आले. मागचे हॉर्न मारत होते, मरू दे म्हटलं. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की खोटं कशाला बोलू, डोळ्यात पाणी आलं. घरी आल्यावर पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला आणि उभी राहिले. काहीतरी म्हणतील असं वाटलं.

"आज रस्ता रिकामा होता," ते म्हणाले.

पुढे भावाला चार दिवस सुट्टी मिळाली. पप्पांनी सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, डायलिसिसला! "ताई, तू किती दिवस ऑफिसला अर्धा दिवस करतेयस. आज मी नेतो, तू आराम कर," भाऊ म्हणाला. मनाचा वाईट नाहीये तो. त्याला फक्त माहीत नसतं, आणि माहीत नाही हेही माहीत नसतं. पार्किंगमध्ये मी स्वतः दांडी दाबून दाखवली. "हे बघ, हा लागतो आता. चांगला लागतो. हात ठेवून बसू नकोस त्यावर. आणि पुलावर गियरमध्ये राहा."

"अगं ताई, मी कॉलेजपासून चालवतोय."

पप्पा मागे बसता बसता हसले. "तिला वाटतं मोटरसायकल तिनेच शोधून काढली." दोघंही हसले. बाप-लेक किती छान दिसत होते. मी बघत उभी राहिले, मग ऑफिसला गेले.

फोन आला तेव्हा डेपोत एसटी हॉर्न वाजवत होती, मला नीट ऐकू येईना. "ताई, घाबरू नकोस. पप्पा ठीक आहेत. थोडीशी स्लिप झाली." पत्री पुलाच्या उतारावर रिक्षा मध्येच थांबली. याची गाडी न्यूट्रलला, इंजिन बंद, घरचा नियम. म्हणजे गाडीला धरून ठेवणारं काही नव्हतंच. याने घाबरून मागचा ब्रेक दाबला आणि हाताखाली होती ती पुढची दांडीही पूर्ण आवळली. इतकी वर्षं ती आवळली तरी काही व्हायचं नाही ना. कडेला रेती होती. पुढचं चाक सरकलं. भावाचं कोपर खरचटलं. पप्पा डाव्या हातावर पडले.

मी केंद्रात पोचले तेव्हा पप्पांचा हात सुजून काळानिळा झालेला. सिस्टर बोटांनी चाचपत होती, परत परत, जागा बदलून. मीही बोट ठेवलं. आत काहीच नव्हतं. मांजर गप्प.

"ताई, तू त्या पुढच्या ब्रेकला काय केलंस गं?" भाऊ म्हणाला.

मी पप्पांकडे बघितलं. पार्किंगमध्ये मी काय सांगितलं ते त्यांनी ऐकलं होतं. मागे बसून ऐकलं होतं, हसले होते. पप्पा सिस्टरला म्हणाले, "हिने घट्ट करून ठेवलाय. त्याला बिचाऱ्याला सवय नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "इंजिन बंद होतं ना पुलावर?" मी विचारलं. भाऊ खाली बघायला लागला. पप्पाच बोलले, "बंद होतं म्हणूनच निभावलं. नाहीतर गाडीने फरफटत नेलं असतं." सिस्टर माझ्याकडे बघत होती, मीच पाडून आल्यासारखी.

संध्याकाळी आत्याचा फोन. "काय गं, ब्रेकमध्ये काहीतरी छेडछाड करून ठेवलीस म्हणे?" म्हणे! बेंगळुरूहून भावजयीचा मेसेज, 'टेक केअर दीदी, गाडी प्रॉपर मेकॅनिकलाच दाखवत जा.' सगळ्या घराने खापर माझ्या डोक्यावर फोडलं आणि चार दिवसांनी भाऊ सुट्टी संपवून गेला. जाताना पप्पांच्या पाया पडला. पप्पांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, उजवा. "मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाले.

ती नस गेली ती गेलीच. मग मानेत नळी घातली, तिच्यातून डायलिसिस. मानेला पाणी लागू द्यायचं नाही, म्हणून मी त्यांना ओल्या फडक्याने पुसायचे. ताप यायचा, थंडी वाजायची, रात्रभर दात वाजायचे. तेवढे आठवडे रिक्षा. मग उजव्या हाताला नवीन फिस्टुला केला, तो तयार व्हायला वेळ लागला. "आता हा गेला तर माझ्याकडे फारसं काही उरत नाही," डॉक्टर म्हणाले. परत मलाच, परत दाराशी. नळी निघाली तशी परत मोटरसायकल.

"ब्रेक ढिला कर, तरच बसतो," पप्पा म्हणाले. मी म्हटलं, "नाही करणार." म्हणाले, "मग जीव घे माझा." आणि बसले. आता डाव्या हाताने मागची पट्टी धरायची, उजवा मांडीवर. टक नाही, हिसका नाही, सरळ कल्याण. पण दर खेपेला, अगदी दर खेपेला, खाली उतरताना एकच प्रश्न. "ढिला केलास का?" मी नुसती मान हलवायचे. नाही.

मागच्या महिन्यातली गोष्ट. डायलिसिस संपलं, उजव्या हाताला सुईच्या जागी घट्ट पट्टी बांधलेली. मी वर औषधांच्या रांगेत होते, पप्पा म्हणाले, "मी खाली गाडीपाशी थांबतो." मी आले तर ते चाकाशेजारी उकिडवे बसलेले, घामाने डबडबलेले. "काय झालं?" म्हटलं. "काही नाही. चक्कर आली जरा." हेल्मेट देताना त्यांच्या डाव्या हाताची बोटं काळी दिसली. विचारलं तर म्हणाले, "सीट पुसली." मी रुमाल दिला आणि किक मारली. मला त्यांना लवकर घरी न्यायचं होतं.

केंद्राच्या गल्लीतून मुख्य रस्ता, तिथून लगेच पुलाचा चढ. ब्रेक लावायची वेळच आली नाही. उतारावर तिसऱ्या गियरमध्ये होते. खाली एक रिक्षा, हात न दाखवता, पॅसेंजर दिसला म्हणून भररस्त्यात उभी राहिली. मी रेस सोडली आणि पुढची दांडी दाबली. दांडी पार मुठीला जाऊन टेकली. चाकाला पत्ताच नाही.

काळी बोटं डोळ्यासमोर आली, आणि कळलं. तेवढ्यात टाचेने दुसरा टाकलेला होता, जराशी रेस, क्लच सोडला, इंजिनाने गाडी मागे ओढली. मागचा ब्रेक हलका. पहिला. परत रेस, परत क्लच. रिक्षाचा मागचा पत्रा जवळ येत गेला, येत गेला, आणि त्याच्या हातभर अलीकडे गाडी थांबली. शेवटच्या वितीत मी ब्रेक सोडलासुद्धा, सवयीने. मागून टक झाली नाही. त्यांचा उजवा हात मांडीवरून हललासुद्धा नाही.

मी दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. मागून पप्पांचा आवाज आला, खणखणीत, खूश.

"बघ. पुढच्या ब्रेकवाचून काही अडलं का?"

मी मान वळवली. "पप्पा, गाडी मी थांबवली."

"मागचे हॉर्न मारतायत," ते म्हणाले. "चल आता."

मी क्लच हळूहळू सोडला. त्यांना धक्का बसला नाही.